बॅटरी कोण उतरवतं

भाजीमंडीच्या गर्दीत गाडी बंद पडली की मागचे लोक शिव्या देतात. त्या शिव्या गाडीला कोणी देत नाही, ड्रायव्हरला देतात. बनारसच्या पहाडिया मंडीत हे मी लहानपणापासून पाहत आलो आणि त्यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. गेल्या हिवाळ्यापासून वाटतं. मला राग येतो, आणि तो बराचसा माझ्या स्वतःच्या घरावर आहे, म्हणून तो लिहून काढणं सोपं नाही.

आमचं घर ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची राहण्याजेवण्याची सोय आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. थोरला भाऊ, आमचा दादा, याज्ञिकी करतो आणि हा सगळा व्याप सांभाळतो. मी तंत्रशाळेत वायरमनच्या वर्गाला शिकवतो. घरची भाजी, किराणा, गॅसचे सिलिंडर आणि स्टेशनवरून येणाऱ्यांचं सामान वाहायला एक जुनी डिझेल पिकअप आहे. ती गल्लीत येत नाही. मच्छोदरीच्या बाजूला रस्त्यावर, चहाच्या टपरीसमोर उभी असते आणि तिथून पुढे सगळं डोक्यावर किंवा हातगाडीवर येतं.

ती गाडी काका चालवत. काका म्हणजे आमचे ड्रायव्हर, इथलेच, राजघाटाकडे राहणारे, वयाने दादाहूनही मोठे. आमच्या मुलांनी त्यांना काका म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळं घरच म्हणू लागलं. ते दादाला गुरुजी म्हणत, मला भइया.

दिवाळी झाली, थंडी पडू लागली आणि गाडी सकाळी सुरू होईना. किल्ली फिरवली की सेल्फ, म्हणजे स्टार्टर, एक उसासा टाकल्यासारखा आवाज करी आणि थांबे. मग टपरीवरचे चारदोन जण धक्का मारत आणि गाडी धूर सोडत निघे. बॅटरीवाल्याने बॅटरी पाहिली, म्हणाला बसली आहे, बदला. बदलली. काही दिवस बरे गेले आणि नवी बॅटरीही तशीच बसली. दादा पुन्हा बॅटरीवाल्याकडे गेला. दुकानदाराने गाडीकडे मान वर करूनही पाहिलं नाही. आपला माल खराब आहे असं कोण म्हणणार. तो म्हणाला, "गुरुजी, बैटरी में कोई खराबी नहीं. ड्राइवर रात में बत्ती जला के छोड़ देता होगा, गाना-वाना सुनता होगा. सब जगह यही है."

सब जगह यही है. एवढ्या चार शब्दांवर दादाचं समाधान झालं, कारण ते त्याच्या सोयीचं होतं. गाडी का बिघडली याचा शोध घ्यायला वेळ लागतो, माणूस बिघडला म्हणायला लागत नाही.

दादाने काकांना घरी बोलावून विचारलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. तो टपरीसमोर, धक्का मारून दमलेल्या लोकांच्या देखत म्हणाला, "काका, गाडी सोने के लिए नहीं दी है. रात को रेडिओ लावून झोपता तुम्ही, सगळ्यांना माहीत आहे." तो असाच बोलतो, अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि काकांना इतक्या वर्षांत मराठी चांगलं कळत होतं.

काका म्हणाले, "गुरुजी, हम बत्ती बुझा के, चाभी निकाल के उतरते हैं. रेडियो तो दो साल से बजता ही नहीं. बजा के देख लीजिए."

टपरीवर कोणीतरी हसलं. कोणावर हसलं ते सांगता येत नाही, पण दादाला वाटलं आपल्यावर. तो लाल झाला. रेडिओ कोणीच लावून पाहिला नाही. मीही नाही, आणि मी तिथेच चहा पीत उभा होतो.

त्या दिवशी दादा मला म्हणाला, "तू मास्तर आहेस ना या विद्येचा? एकदा तपासून सांग. म्हणजे उगाच कोणावर अन्याय नको."

अन्याय नको, हे त्याचेच शब्द होते. मी दुसऱ्या दिवशी तंत्रशाळेत जाण्यापूर्वी मल्टिमीटर घेऊन गाडीपाशी गेलो. कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर्गाची वेळ होत आली होती. काकांनी गाडी सुरू करून दिली आणि बॉनेट उघडलं. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो ज्यावर फिरतो तो पट्टा मी दाबून पाहिला, ताण ठीक होता. मग मीटरची लाल तार डायनॅमोच्या जाड तारेवर आणि काळी तार इंजिनच्या अंगावर टेकवली. चौदाच्या वर व्होल्ट आले. गाडी चालू असताना इतके यायलाच हवेत. डायनॅमो उत्तम काम करत होता. डॅशबोर्डवरची चार्जिंगची लाल बत्तीही विझलेली होती. मग गाडी बंद केली, बॅटरी मोजली, ती उतरलेली होती.

या गाडीत बॅटरी बॉनेटखाली नाही. ती खाली बाजूला, चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लावलेल्या लोखंडी पेटीत आहे, आणि त्या बाजूला रस्त्याची नाली आहे. गाडी बंद असताना मी ती वाकून, शर्ट सांभाळत, कशीबशी मोजली. गाडी चालू असताना तिथे पुन्हा वाकलो नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना मी पहिल्याच महिन्यात शिकवतो की वीज निघाली तिथे मोजून भागत नाही, पोचायची तिथे मोजा. पोरं तसं करत नाहीत तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर उभं करतो.

काका बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं, "क्या निकला भइया?"

मी म्हणालो, "डायनमो ठीक है." आणि मीटर पिशवीत टाकलं.

संध्याकाळी दादाला सांगितलं की चार्जिंगमध्ये दोष नाही, बॅटरी नवी आहे, म्हणजे गाडी उभी असताना काहीतरी चालू राहत असणार. काकांचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. दादा एवढंच म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?" मला आत कुठेतरी बरं वाटलं, की आपण नाव घेतलं नाही. ते बरं वाटणं आठवलं की आजही तोंड कडू होतं.

काकांना काढलं. दादाने पुन्हा टपरीसमोरच किल्ली मागितली. शिवाय म्हणाला, "भइयाने खुद मशीन से देखा है." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहत होतो. त्यांनी किल्ली दादाच्या हातात दिली, सीटखालचं आपलं फडकं आणि कंगवा घेतला आणि टपरीवाल्याला म्हणाले, "चलते हैं."

नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत मंडीत जायचं काम माझ्याकडे आलं. मला गाडी चालवता येते. सकाळी भाजी आणायची आणि मग शाळेत जायचं. गाडी लावताना मी मुद्दाम प्रत्येक बटण पाहत असे. दिवे बंद, आतला दिवा बंद, किल्ली बाहेर. दारं ओढून पाहत असे. किल्ली दादाकडे देत असे आणि तो ती देवघरातल्या फळीवर ठेवी. बॅटरी मी आधी बाहेर नेऊन पुरती चार्ज करून आणली होती, त्यामुळे सुरुवातीला गाडी निमूट सुरू झाली. दादा खूष होता. "पाहिलंस? माणूस बदलला, गाडी सुधारली."

मग एका सकाळी, फ्लॉवरची पोती लादून झाल्यावर, मंडीच्या फाटकातच सेल्फने तोच उसासा टाकला. मागे ट्रॅक्टर, त्याच्या मागे ट्रक. "अरे मास्टर, घर से खा के नहीं निकले का," असं कोणी ओरडलं, त्याहून वाईटही बरंच कोणी ओरडलं. हमालांनी धक्का दिला तेव्हा गाडी निघाली.

मी घरी आलो तो जवळजवळ आनंदात. आता तरी हे स्पष्ट झालं होतं की काकांचा काही दोष नव्हता. दादा ओसरीत यात्रेकरूंच्या संकल्पाची तयारी करत बसला होता. मी सांगितलं. त्याने दर्भ बाजूला ठेवला आणि म्हणाला,

"म्हणजे तूही बत्ती चालू ठेवलीस."

"मी बंद केली होती, दादा. नीट पाहून बंद केली."

"विसरला असशील."

"नाही विसरलो."

"अरे, शाळेची घाई असते तुला. होतं. पण मान्य करावं माणसाने."

"मी सांगतोय ना, बंद होती."

"काकाही हेच सांगत होते," दादा म्हणाला आणि पुन्हा दर्भ निवडू लागला.

मला भयंकर संताप आला. मी पन्नाशीचा माणूस, वीज शिकवण्यावर पोट भरणारा, आणि माझ्या शब्दाला घरात एवढीही किंमत नाही. मी तावातावाने जिना उतरलो. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांपर्यंत पोचल्यावर लक्षात आलं की मी मनातल्या मनात जी वाक्यं बोलतोय ती सगळी काकांची आहेत. बत्ती बुझा के उतरते हैं. चाहें तो देख लीजिए. काका ही वाक्यं महिनाभर बोलत होते, आणि ती खरी असतील असं मला तेव्हा वाटलं जेव्हा ती माझ्या तोंडात आली. त्याच्या आधी नाही. दादावरचा राग त्यामुळे कमी झाला नाही. त्याला एक दुसरा राग येऊन मिळाला.

त्या दिवशी मी शाळेत रजा कळवली, जुना पायजमा घातला, पोतं घेतलं आणि गाडीपाशी नालीच्या कडेला ते पोतं पसरून आडवा झालो. टपरीवाल्याने विचारलं, "का भइया, गिर गए का?" मी त्याला म्हटलं, गाडी चालू करून दे आणि मोठे दिवे लाव.

गाडी चालू असताना मी या वेळी बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर, म्हणजे टर्मिनलांवर, तारा टेकवल्या. डायनॅमोपाशी चौदा होते, बॅटरीपाशी तेराही पुरते नव्हते. वाटेत कुठेतरी एक व्होल्टाहून जास्त गायब होत होता. लाल तारेच्या बाजूने मोजलं, तिथे काही हरवत नव्हतं. मग काळ्या बाजूने. बॅटरीच्या काळ्या खुंटीवरून एक जाड तार निघते आणि बोल्टने चासीच्या लोखंडाला जोडलेली असते, तिला अर्थ म्हणतात. गाडीचं सगळं अंग हीच परतीची वाट असते. मीटरची एक तार काळ्या खुंटीवर आणि दुसरी चासीवर टेकवली. इथे जवळपास शून्य यायला हवं. तो हरवलेला व्होल्ट तिथे होता, त्या एका बोल्टपाशी. बोल्टला हात लावला तर तो गरम होता.

गाडी बंद करून बोल्ट खोलला. तारेचं टोक बाजूला केलं आणि खाली केशरी लाल थर दिसला, लाखेसारखा कडक. तारेच्या टोकाच्या आतल्या बाजूलाही तसाच. मी तो नखाने खरवडला. निघेना. तो काय आहे हे मला पाहताक्षणी कळलं. आमच्या घरात वाढलेल्या कोणालाही कळलं असतं.

बनारसचे मिस्त्री विश्वकर्मापूजेला आपली हत्यारं पुजतात. आमच्याकडे खंडेनवमीला पुजतात. विळी, अडकित्ता, कुलपं, पान्हे, माझं मीटरसुद्धा त्या दिवशी पाटावर येतं. आणि आमच्या वडिलांची एक पद्धत होती. घाटावरच्या ओलीने लोखंड गंजतं, म्हणून त्या दिवशी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून तो उघड्या लोखंडाला लावायचा. दाराच्या कड्या, साखळ्या, गच्चीचे गज, सगळ्याला. ते तेल वाळलं की शेंदूर धरून बसतो आणि खरंच गंज चढत नाही. वडील गेल्यावर दादाने ही पद्धत सोडली नाही. त्या वर्षीच्या नवमीला काका सुट्टीवर होते. दादा स्वतः पान्हा घेऊन गाडी पुजायला गेला होता. त्याने ती धुतली, प्रत्येक सांधा पाहिला, आणि जिथे रंग नसलेलं उघडं लोखंड दिसलं तिथे बोल्ट खोलून शेंदूर लावला आणि पुन्हा आवळला. ते लोखंड कारखान्यातूनच उघडं ठेवलेलं असतं, वीज जावी म्हणून. दादाने ते मनापासून बंद केलं. बोल्टच्या आट्यांमधून जेवढी वीज गळत जाईल तेवढीच बॅटरीला मिळत होती. उबदार दिवसांत भागलं. थंडी पडल्यावर भागेना.

मी पॉलिश पेपरने दोन्हीकडचं लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला, गाडी चालू केली. बॅटरीपाशी चौदा आले. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच पोत्यावर बसून राहिलो.

दादाला गाडीपाशी घेऊन आलो. त्याने खरवडलेला शेंदूर बोटावर घेतला.

"शेंदराने गाडी बंद पडते? मग हनुमानाचं काय होत असेल?"

"हनुमानाला बॅटरी नाही, दादा."

तो हसला नाही. मी मीटर लावून दाखवलं. मध्ये कागदाचा तुकडा घालून बोल्ट पुन्हा आवळला आणि काय होतं तेही दाखवलं. तो हुशार आहे, त्याला दोनदा सांगावं लागत नाही. त्याने बोटावरचा शेंदूर कागदाला पुसला. मग म्हणाला, "ठीक आहे. काकांना निरोप दे. म्हणावं गाडी नीट झाली, उद्यापासून या."

"गाडी नीट झाली एवढंच?"

"आणखी काय?"

"तुम्ही निर्दोष होता, हे."

"अरे, समजतील ते. एवढं उगाळायचं कशाला?"

"इथे, या टपरीसमोर, दोनदा उगाळलंस तू."

"आणि तू?" दादा म्हणाला. "मशीन लावून तू सांगितलंस. मी तुझ्या शब्दावर काढलं त्यांना."

ते खरं होतं, आणि ते त्याने स्वतःला सोडवायला वापरलं म्हणून मला आणखी चीड आली. रस्त्यावर उभं राहून आम्ही दोघे भाऊ, खालच्या आवाजात, कोणाचा दोष जास्त यावर भांडत होतो. ज्या माणसाचं काम गेलं तो त्या भांडणात कुठेच नव्हता.

काका दुसऱ्या दिवशी मैदागिनच्या चौकात सापडले. भाच्याची टोटो चालवत होते, ती बॅटरीवरची रिक्षा. मी त्यांना गाडीत काय सापडलं ते सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "ई देखिए भइया, ये पूरी की पूरी बैटरी पर चलती है. तब भी भांजा हमको दे दिया."

मी विचारलं, परत येणार का. ते म्हणाले, "जहाँ बोला गया था, वहीं बोल दिया जाए. फिर देखेंगे."

मी हे जसंच्या तसं दादाला सांगितलं. मला वाटलं नव्हतं तो येईल. पण सकाळच्या संध्येनंतर तो सोवळं बदलून, उपरणं घेऊन खाली आला आणि माझ्याबरोबर टपरीपर्यंत चालला. मी सांगून ठेवल्याप्रमाणे काका टोटो बाजूला लावून उभे होते. दादाने हात जोडले आणि स्वच्छ हिंदीत, अर्धं न गिळता सांगितलं की गाडीत दोष त्याने स्वतःच केला होता, आपल्या हाताने, आणि आरोप काकांवर केला. मला माझ्या भावाचा त्या क्षणी अभिमान वाटला. हेही लिहायला हवं, कारण वर मी त्याच्याबद्दल बरंच लिहिलं आहे.

पण ऐकायला कोण होतं? पहिल्या दिवशी हसणारे त्यातले निम्मे नव्हते. जे होते ते फोनमध्ये पाहत होते. एकाने विचारलं, काय झालं. दुसरा म्हणाला, काही नाही, गाडी बन गई. आरोप ऐकायला सगळी टपरी माना वळवून उभी होती. आज चहा उकळत होता आणि लोकांना बिस्किटं हवी होती.

माझी पाळी आली. मी सुरू केलं की त्या दिवशी मी डायनॅमोपाशी मोजलं, इंजिनच्या अंगावर काळी तार ठेवली, त्यामुळे अर्थचा दोष दिसला नाही, तो दिसायला बॅटरीपाशी...

काकांनी हात वर केला. "भइया, इतना ही बताइए. हम बत्ती जला के सोते थे कि नहीं?"

"नहीं."

"जोर से."

"नहीं सोते थे. मैंने गलत बताया था."

"बस," काका म्हणाले. त्यांनी दादाला नमस्कार केला, चहा संपवला. दादाने खिशातून किल्ली काढून पुढे केली. काकांनी ती पाहिली आणि घेतली नाही. "नहीं गुरुजी. अब हर सुबह सेल्फ मारते हुए डर लगेगा कि कहीं न उठे. अपनी सवारी में ठीक हैं." राजघाटाच्या दोन बायका टोटोत बसल्या होत्या, त्या घाई करत होत्या. ते गेले.

परतताना दादा म्हणाला, "रागात आहेत. येतील." ते रागात नव्हते. रागात असते तर आले असते, असं मला वाटतं.

मंडीत आता मीच जातो. गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते आणि दर वेळी मला त्याची चीड येते. टपरीवर नवं गिऱ्हाईक असलं की कोणीतरी विचारतंच, मास्टर, आप खुद चलाते हैं, ड्राइवर कहाँ गया? मी सांगतो. पहिल्यापासून सांगतो, आमच्या दोघांच्या चुकीसकट, काका दिवे विझवून उतरत असत हे मोठ्या आवाजात सांगतो. दादाला हे आवडत नाही. टपरीवाल्यालाही नाही. परवा मी सुरू केलं तसा तो गाळणीतून चहा ओतत म्हणाला, "भइया, ये तो सबको मालूम हो गया."

"इनको नहीं मालूम था," मी म्हणालो आणि पुढे सांगू लागलो.